परतमास्तरांचं लिस्टिंग

साहेब, तुम्ही ते लिस्टिंग उघडलंच नाहीत. बांधलेलं आलं तसं बांधलेलंच परत पाठवलंत, वर 'तपासले' असा शेरा मारलात आणि खाली सही ठोकलीत. त्या सहीने एक चांगला माणूस मशीन विभागातून उचलून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये नेऊन टाकला.

हे मी तेव्हाच तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. बावीस वर्षांची पंचिंगवाली मुलगी, शिक्षण दहावी, आणि समोर टेबलामागे तुम्ही तिघं. आता मी एकसष्ट वर्षांची आहे, निवृत्त आहे. गुडघे सोडले तर मला कुणाची भीती वाटत नाही.

तुमच्या चौकशी समितीतले बाकीचे दोघे गेले. तुम्ही आहात. आरोग्य खात्याच्या संगणक विभागाची चकचकीत स्मरणिका गेल्या महिन्यात निघाली, तिच्यातला जुन्या दिवसांवरचा लेख तुमचा आहे. पान चौदा. 'सुरुवातीच्या काळात एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याच्या अतिउत्साही प्रयोगामुळे बदल्यांच्या यादीत गंभीर चूक झाली होती.' नाव छापलं नाहीत, केवढा मोठेपणा! पण तेव्हा तिथे असलेल्या प्रत्येकाला कळलं कोण ते. त्यांच्या लेकीलाही कळलं. ते स्वतः अजून आहेत, चौऱ्याऐंशीचे आहेत, आणि ते जिवंत असताना ते पान बदललं पाहिजे. म्हणून लिहिते आहे. तो प्रयोग काय होता ते आधी नीट ऐका. तेव्हा ऐकलं नव्हतंत.

पंचिंगची खोली लांबट होती. सहा यंत्रं, सहा बायका, आणि खडखडाट असा की घरी गेल्यावरही मी आईशी ओरडून बोलायची. "मी बहिरी नाहीये गं," आई म्हणायची, "अजून तरी." प्रोग्रॅमर लोक कोडिंग शीटवर पेन्सिलीने लिहायचे, एका चौकोनात एक अक्षर. ती शीटं आमच्याकडे यायची आणि आम्ही एका ओळीचं एक कार्ड पाडायचो, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डावर मशीनला वाचता येतील अशी भोकं. गठ्ठा पुरा झाला की त्याच्या वरच्या कडेवर मार्करने तिरकी रेघ ओढायची. हातातून गठ्ठा पडून विस्कटला तर ती रेघ जुळवत कार्डं पुन्हा लावता यायची. आपण काय पाडतोय ते आम्हाला कळायचं नाही. कळू नये अशीच व्यवस्था होती. कळलं की हात थांबतो, हात थांबला की तासाची कार्डं कमी भरतात.

मला मात्र कळायला लागलं. कोबॉल ही भाषाच तशी. धंद्याच्या, कचेरीच्या कामासाठी केलेली. त्यामुळे चिन्हांचे चमत्कार कमी, सरळ वाक्यं जास्त. हे वाच, ते तिथे ने, यात मिळव, लिही. शाळेतल्या मोडक्या इंग्रजीवरसुद्धा ओळी लागायच्या. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की शीटवर एके ठिकाणी 'परिच्छेद सातकडे जा' अशा अर्थाचं लिहिलंय आणि सात नंबरचा परिच्छेद कुठेच नाही. मी शीट घेऊन प्रोग्रॅमरांच्या खोलीत गेले.

"घ्या, आता पंचिंगवाल्या आम्हाला शिकवणार," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक माणूस हसला नाही. कानावर पेन्सिल, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. त्याने शीट हातात घेतली, बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "पोरगी बरोबर बोलतेय."

ते परतमास्तर. आधी शाळेत गणित शिकवायचे म्हणून मास्तर. आणि परत अशासाठी, की प्रोग्रॅममधला कुठलाही तुकडा काम करून जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे, हे त्यांचं वेड. बाकीच्यांचे प्रोग्रॅम 'गो टू'ने भरलेले असायचे. इथून तिथे जा, तिथून आणखी कुठे जा. सहा महिन्यांनी तो प्रोग्रॅम ज्याने लिहिला त्यालाच वाचता यायचा नाही. मग सगळे मिळून मास्तरांची थट्टा करायचे. "काय मास्तर, आलात का परत?" रोज तोच विनोद. मास्तर रोज म्हणायचे, "आलो. तुम्ही?"

मी त्यांना विचारलं, "मला शिकवाल?"

"डब्याच्या सुट्टीत ये. पेन्सिल आण. खोडरबर मोठं आण."

मशीनच्या हॉलला लागून कागदाचं गोदाम होतं. छापायच्या कागदाच्या खोक्यांवर बसून आमचा वर्ग भरायचा. हॉलमधली थंड हवा दाराखालून यायची आणि पाय गार पडायचे. फळा नव्हता. पाडताना बिघडलेल्या कार्डांच्या पाठीवर मास्तर लिहायचे. माझ्याबरोबर आमच्या खोलीतली चष्मेवाली चार दिवस आली. पाचव्या दिवशी म्हणाली, "अगं, अर्धा तास मिळतो. त्यात डबा खायचा की डोकं?" उरले मी एकटी.

पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "आईने दूध आणायला पाठवलं तर तू काय करतेस?"

"दूध आणते."

"मग?"

"मग काय? घरी येते."

"या लोकांचं 'घरी येते' लिहायचं राहतं. यांचा माणूस दुधाला जातो, दूधवाल्याकडून इस्त्रीवाल्याकडे, तिथून मित्राकडे, मित्राबरोबर सिनेमाला. आणि आई इकडे चहाचं आधण ठेवून बसलीय. गो टू म्हणजे तो. परफॉर्म हा हुकूम म्हणजे तू. जा, काम कर, जिथून निघालीस तिथे ये."

मग त्यांनी तीन कार्डं खोक्यावर मांडली. "एवढंच आहे. एकामागून एक कर. हे नाहीतर ते कर. अमुक होईपर्यंत करत राहा. जगातलं सगळं काम या तिनांत बसतं."

"लग्नसुद्धा?"

"ते तिसऱ्यात," मास्तर म्हणाले. "फक्त त्याचं 'होईपर्यंत' कुणाला सापडत नाही."

त्यांचे नियम कडक होते. परिच्छेद एका पानाच्या वर जाता कामा नये. नाव असं ठेवायचं की वाचणाऱ्याला काम कळलं पाहिजे. सगळ्यात वरचा परिच्छेद अनुक्रमणिकेसारखा हवा. तो मला मोठ्याने वाचायला लावायचे. फाइल उघड. नोंदी तपास, संपेपर्यंत. यादी छाप. फाइल बंद कर. थांब. पाच वाक्यांत आख्खं काम! मला ते वाचताना जे वाटायचं ते कुणाला सांगता आलं नसतं. घर आवरून झाल्यावर दारात उभं राहून आपण एकदा खोलीकडे बघतो ना, तसं काहीसं.

घरी मी जुन्या लिस्टिंगच्या, म्हणजे मशीनने छापलेल्या प्रोग्रॅमच्या कागदांच्या, कोऱ्या बाजूवर सराव करायची. दादा म्हणायचा, "ऑफिसात काम कमी पडतं म्हणून घरी आणतेस का?" एकदा मी आईचं सकाळचं सगळं काम कोबॉलच्या पद्धतीने मांडलं. पाणी भर, चहा कर, डबे भर, भांडी घास संपेपर्यंत, कपडे धू संपेपर्यंत. आईला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. यात मी बसते कुठे ते लिहिलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी हे मास्तरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझी आई माझ्यापेक्षा चांगला प्रोग्रॅम तपासते. लिहिलं नाही ते होत नाही. लक्षात ठेव."

माझा पहिला पूर्ण प्रोग्रॅम दवाखान्यांतल्या खाटांच्या यादीचा होता. चाळीस दवाखाने, चाळीस कार्डं. मास्तरांनी तो आपल्या कामाच्या गठ्ठ्यात घालून चालवला. छापून आल्या एक्केचाळीस ओळी. शेवटचा दवाखाना दोनदा. मी कार्डं मोजली, चाळीसच. पुन्हा मोजली. पाडण्यात चूक झाली म्हणावं तर पाडणारीही मीच.

मास्तर म्हणाले, "आता तू मशीन हो."

त्यांनी माझ्यासमोर तीन कार्डं उपडी ठेवली. त्यांवर एक, दोन, तीन असे आकडे. "तू लिहिलंयस तसंच कर. आधी कार्ड उचल. उचलायला नसेल तर डावा हात वर कर. मग हातातल्या कार्डावरचा आकडा बोल. डावा हात वर जाईपर्यंत हेच करत राहा."

मी पहिलं उचललं. "एक." दुसरं. "दोन." तिसरं. "तीन." मग खोक्यावर काही नव्हतं. मी डावा हात वर केला आणि उजव्या हातातल्या कार्डाकडे बघून म्हणाले, "तीन."

माझाच आवाज मला ऐकू आला. हात वरच राहिला.

"कार्डं संपली हे तुला कळलं," मास्तर म्हणाले, "पण कळल्यावर थांबायच्या आत तू एक काम करून टाकलंस. हातात जुनंच कार्ड होतं, तेच पुन्हा वापरलंस. आता असं कर. फेरी सुरू व्हायच्या आधीच एक वाचून घे. फेरीत शिरल्यावर पहिल्यांदा काम, आणि पुढचं वाचायचं ते अगदी शेवटी. म्हणजे संपल्याचं कळलं की लगेच थांबणं होतं. मध्ये काही नाही."

वाचायची ओळ मी फेरीच्या वर नेली आणि तशीच एक फेरीच्या शेवटी घातली. चाळीस ओळी आल्या. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली, ती तुम्ही लक्ष देऊन वाचा. गो टूच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होत नाही. तिथे कार्डं संपली की थेट शेवटाला उडी मारतात. "उडी काढलीस तर तिच्या जागी शिस्त ठेवावी लागते," मास्तर म्हणाले. "नुसती उडी काढून टाकणाऱ्याचं हेच होणार."

आठ महिने मी शिकले. मास्तरांनी शिकाऊ प्रोग्रॅमरच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवलं. पंचिंगच्या खोलीतून त्या जागेसाठी गेलेलं ते पहिलं नाव.

मग तुम्हा साहेबलोकांचं परिपत्रक आलं. वरचं कुणीतरी कुठल्यातरी परिषदेला जाऊन आलं होतं. 'सर्व प्रोग्रॅम महिनाअखेरपर्यंत संरचित पद्धतीने करण्यात यावेत. गो टूचा वापर आढळल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल.' ज्या गोष्टीवर दहा वर्षं हसलात तिचाच हुकूम काढलात. मास्तरांनी लेखी कळवलं की प्रत्येक प्रोग्रॅम नव्याने मांडावा लागेल, वर्ष लागेल. उत्तर आलं नाही.

नर्सच्या बदल्यांचा प्रोग्रॅम मुख्य प्रोग्रॅमरांकडे होता. भर उन्हाळ्यातसुद्धा टाय लावायचे, म्हणून आम्ही त्यांना कंठलंगोट म्हणायचो. नर्सच्या नोंदी नोकरीच्या क्रमाने यायच्या आणि प्रत्येकीला पुढची रिकामी जागा मिळायची. कंठलंगोटांनी मास्तरांना काही विचारलं नाही. एका दुपारी खोडरबर घेऊन बसले आणि सगळे गो टू पुसून त्यांच्या जागी फेरी घातली. शीटं माझ्या यंत्रावर आली. अक्षर त्यांचं, खाली आद्याक्षरंही त्यांची. वाचायची ओळ फेरीच्या आत, अगदी वर. आधी एक वाचलेलं नाही.

मी उठून गेले.

"सर, फेरीच्या आधी एक नोंद वाचायला हवी."

"तुला काय पाडायला दिलंय?"

"हेच."

"मग पाड ना."

"पण शेवटचं नाव दोनदा येईल."

"अगं बाई, परिपत्रकात काय म्हटलंय? गो टू नको. यात एक तरी गो टू दाखव."

"नाहीये."

"मग झालं तर! तू पाड, विचार करायला आम्ही आहोत."

मी मास्तरांना सांगितलं. ते गेले. 'आपल्या कामात लक्ष घाला' हे ऐकून परत आले, आणि त्याच दिवशी त्यांनी तारीख घालून एक टिपण लिहिलं. चूक कुठे आहे आणि कोणती एक ओळ फेरीच्या वर न्यायची ते त्यात होतं. पोच घेतली. मी मात्र शीटप्रमाणे कार्डं पाडली. ती ओळ वर सरकवून शेवटी एक कार्ड मला स्वतःला घालता आलं असतं. एक! माझ्या हातात होतं ते. एकोणचाळीस वर्षं झाली, ते मी अजून मनात पाडते आहे.

पाच आठवड्यांनी आमच्या दारात एक मुलगी उभी राहिली. नर्सचा गणवेश, हातात दोन लिफाफे. पाटी बघून पहिल्या दारात शिरली होती बिचारी.

"संगणक विभाग हाच ना? मला दोन ऑर्डरी आल्यात."

एकच नाव, एकच क्रमांक, एकच तारीख. एका कागदावर एका टोकाचा दवाखाना, दुसऱ्यावर दुसऱ्या टोकाचा. ती एका ठिकाणी रुजू झाली. दुसऱ्या ठिकाणाहून गैरहजर म्हणून कळवलं गेलं आणि तिला निलंबित केलं.

"मी एकटीच आहे हो," ती म्हणाली. "दोन्हीकडे कशी जाऊ?"

"जुळी बहीण असली तर बघ," चष्मेवाली बोलून गेली, आणि लगेच जीभ चावून तिने स्वतःची खुर्ची त्या मुलीला दिली.

मी क्रमांक पाहिला. सगळ्यात नवी नर्स. यादीतली शेवटची. मला यादी उघडायचीही गरज नव्हती.

नर्सच्या संघटनेने आवाज उठवला आणि तुमची समिती बसली. कारणे दाखवा नोटीस मात्र मास्तरांना गेली. कशाबद्दल? तर 'ही पद्धत विभागात त्यांनी आणली.' मास्तरांनी चार पानी खुलासा लिहिला. सोबत कंठलंगोटांच्या प्रोग्रॅमचं लिस्टिंग, एका ओळीला लाल पेन्सिलीने खूण केलेलं, आणि ते आधीचं टिपण. लिस्टिंगचा कागद सलग, घडीघडीचा असतो, उचलला की घसरतो. म्हणून मी तो गठ्ठा दोऱ्याने बांधला. आई भाजीची पिशवी बांधायची तशी गाठ मारून.

मलाही बोलावलंत.

"कार्डं तू पाडलीस?"

"हो."

"शीटप्रमाणे?"

"हो."

"जा."

मी हलले नाही. "साहेब, पण ते शीट कुणाच्या..."

"जा म्हटलं ना!"

हे तुम्ही म्हणालात. उजवीकडची खुर्ची, तिघांत तरुण.

नऊ दिवसांनी ते कागद फायलीला लावायला आमच्याच खोलीत आले. गाठ माझीच होती. दोऱ्याची दोन्ही टोकं मी ठेवली तशीच होती. घडी मोडली नव्हती, कडेच्या भोकांच्या पट्ट्याही फाडलेल्या नव्हत्या. वर शेरा, 'लिस्टिंग तपासले.' निष्कर्ष, 'नवीन पद्धत हेच चुकीचे मूळ.'

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. त्या मुलीला कामावर घेतलंत, हे चांगलं केलंत. जुना गो टूचा गठ्ठा काढून पुन्हा चालू केलात. गोदामातला वर्ग बंद. माझं नाव 'पात्रता नाही' म्हणून परत आलं. मास्तर तळघरात गेले ते निवृत्त होईपर्यंत, तेरा वर्षं.

पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. तळघरात वर्ग पुन्हा भरला. डब्याच्या सुट्टीत, जुन्या फायलींच्या मांडण्यांमध्ये, एका पिवळ्या बल्बखाली. तिथेच मी तक्ते शिकले, दोन फायली एकमेकींशी जुळवायला शिकले. मास्तर म्हणायचे, "इथे एक सोय आहे. वरून कुणी हसायला येत नाही." पंचिंगची यंत्रं गेली, संगणकाचे पडदे आले, मी माहिती भरणारीच राहिले. विभागाच्या शीटवर एकही प्रोग्रॅम मी कधी लिहिला नाही. वह्यांत लिहिले. एकशे बारा. प्रत्येक मास्तरांनी तपासलाय, आणि त्यातले सत्तावीस त्यांनी लाल करून परत दिलेत. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं कुणी विचारलं तर मी ते खोके आणि तो बल्ब सांगेन. तुमचं काही चाललं नाही तिथे.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. दार लेकीने उघडलं, डोळे लाल. तिने पान चौदा त्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांना आता दिसत नाही फारसं. मी चिडूनच गेले होते, काय काय बोलायचं ते ठरवून. मास्तरांनी लेकीला तेवढं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि मला विचारलं, "मग ती चूक त्यांना सापडली का गं?"

"मास्तर, ते तुम्हाला दोषी धरतायत. सगळ्या जगासमोर."

"ते ऐकलं. मी प्रोग्रॅमचं विचारतोय. तेव्हा जुना गठ्ठा चालवला, ठीक. पण पुढे नवी मशीनं आली, तेव्हा बदल्यांचं सगळं कुणीतरी पुन्हा लिहिलं असणार. नव्या पोरांनी, गो टू न वापरता. त्या पोरांना कुणी सांगितलं का? की दरवर्षी एक शेवटची नर्स दोन लिफाफे घेऊन फिरते आहे?"

मला माहीत नव्हतं. मी तोवर दुसऱ्या विभागात गेले होते.

"स्मरणिकेत नाही लिहिलं," मी म्हणाले.

"मग विचार की त्यांना."

गृहपाठ दिल्यासारखं म्हणाले. आणि लेकीला म्हणाले, "हिला चहा दे."

म्हणून विचारते, साहेब. पान चौदावरचं ते वाक्य मागे घ्या आणि चूक कुणाच्या अक्षरात होती ते छापा, ही मागणी माझी आहे, आणि ती मी सोडणार नाही. पण मास्तरांचा प्रश्न पहिला. त्यांचा खुलासा, लाल खूण केलेलं ते लिस्टिंग आणि ते टिपण तुमच्याच फायलीत आहे, क्रमांक मी सोबतच्या चिठ्ठीत दिलाय. ते नंतर कुणी कधी वाचलं का? ती एक ओळ वर गेली का? कुणी नेली? रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जाते आहे. त्यांना काय सांगू?